तट, पहाड आणि तोफखाना

ब्रिटिश लष्करात ज्याला रॉयल आर्टिलरी म्हणतात तो तोफखाना कितीही विस्तारला तरी कागदोपत्री एकच रेजिमेंट मानला जातो. २६ मे १७१६ रोजी लंडनजवळच्या वुलिच येथे दोन कंपन्यांनिशी त्याची कायमची उभारणी झाली. त्यापूर्वी प्रत्येक युद्धापुरता तोफांचा काफिला जमवायचा, त्यासाठी भाड्याचे गाडीवान आणि जनावरे धरायची आणि तह होताच सारे मोडून टाकायचे, अशी रीत होती. गोलंदाजांना बारमाही पगार, ठरीव कवायत, स्वतःचे अधिकारी आणि स्वतःची हिशेबवही देऊन या दलाने ती रीत मोडली. पायदळाचा मूळ घटक जशी पलटण, तसा तोफखान्याचा मूळ घटक म्हणजे बॅटरी, म्हणजेच साधारणपणे सहा तोफा, त्या ओढणारी जनावरे, दारूगोळ्याच्या गाड्या आणि त्यांची माणसे मिळून होणारी तुकडी. पूर्वी पायी तोफखान्यात तिला कंपनी आणि घोडदळी तोफखान्यात ट्रूप म्हणत. मराठी मुलखाचा या रेजिमेंटशी आलेला संबंध दुहेरी आहे. पुढे तिच्यात मिसळलेल्या कंपनीच्या तोफखान्यांनी येथील तट फोडले हे सर्वज्ञात आहे. परंतु याच रेजिमेंटचा एक धागा मुंबई इलाख्यात विणला गेला आणि त्याचे टोक आजच्या भारतीय तोफखान्याच्या सर्वांत जुन्या बॅटरीपर्यंत पोचते, ही बाब मात्र सहसा सांगितली जात नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने १७४८ च्या सुमारास बंगाल, मद्रास आणि मुंबई या तिन्ही इलाख्यांत तोफखान्याची एकेक कंपनी उभारण्याचा निर्णय घेतला, आणि त्यातूनच पुढे मुंबईचा तोफखाना वाढला. मुंबई बेटावरचे माटुंगा हे दीर्घकाळ त्याचे ठाणे होते आणि नंतरच्या काळात अहमदनगरला त्याच्या दृष्टीने मोठे महत्त्व आले. आरंभी तोफेला बत्ती देणारा, नेम धरणारा आणि दारूचे मोजमाप करणारा माणूस युरोपीयच असावा, असा कंपनीचा आग्रह असे. हिंदी माणसाला तोफ ओढण्याचे, दोर धरण्याचे आणि गोळे वाहण्याचे काम मिळे, आणि असे काम करणाऱ्यांना लष्कर किंवा खलाशी म्हटले जाई. हा कोणत्याही जातीविषयीचा सामान्य तिटकारा नव्हता. त्यामागे हिशेबी भीती होती. बंदूक चालवणारा शिपाई फितूर झाला तर एक बंदूक जाते, पण तोफ चालवणारा गेला तर त्याच्याबरोबर किल्ला जातो, हे कंपनीच्या संचालकांना चांगले उमगलेले होते.

मराठ्यांकडे तोफा नव्हत्या किंवा त्या चालवणारे नव्हते, अशी समजूत अनेक जुन्या इंग्रजी लेखनातून पसरली. ती निराधार आहे. पेशव्यांच्या तोफखान्याची सरदारकी पानसे घराण्याकडे होती आणि पुणे जिल्ह्यातील सोनोरीजवळचा मल्हारगड याच घराण्याने १७५७ ते १७६० या काळात बांधला. जुन्नरकडील आंबेगव्हाण येथे तोफगोळे ओतण्याचा कारखाना होता. पानिपतावर इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्याने काय केले ते वेगळे सांगायला नको, आणि महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या युरोपीय सेनानीच्या हाताखाली उभी केलेली कवायती फौज व तोफा यांची धास्ती इंग्रजांनीही घेतली होती. उंटावर बसवायची सुतरनाल, पायी माणसाने टेकवून मारायची जेजाल, तटावरची अवजड तोफ असे नाना प्रकार मराठी दप्तरांत आढळतात. उणीव होती ती निराळ्याच ठिकाणी. तोफांचे गाळे, म्हणजे नळीची आतली रुंदी, एकसारखे नसत. त्यामुळे एका तोफेचा गोळा दुसरीत बसत नसे. बैल कुणाचे, गाडे कुणाचे आणि दारूची रसद कुणाकडून, हे मोहिमेगणिक ठरे. गोलंदाज पिढीजात कसबी असला तरी तो सरदाराच्या तैनातीत असे, आणि सरदाराचा सरंजाम थकला की त्याचाही पगार थके. इंग्रजांची खरी सरशी ओतकामात नव्हती, ती या व्यवस्थेत होती. आणि नागपूर-चांद्याकडील १८१७-१८ च्या लढाया पाहिल्या म्हणजे हे अधिक स्पष्ट होते.

२६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ रोजी नागपुरास सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर कंपनीची सुमारे चौदाशे माणसे आणि नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांची कित्येक पटींनी मोठी फौज यांच्यात लढाई झाली. कंपनीकडे मद्रास तोफखान्याच्या सहा पौंडी तोफा होत्या. तोफेचे नाव गोळ्याच्या वजनावरून पडत असे, म्हणून सहा पौंडी तोफेचा गोळा आपल्या हिशेबाने पावणेतीन किलोंच्या आसपास भरे. भोसल्यांच्या सेवेतील अरबांनी धाकटी टेकडी जिंकून तेथील तोफ थोरल्या टेकडीकडे वळवली, तेव्हा इंग्रजांची परिस्थिती बिकट झाली. त्याच सुमारास बंगाल घोडदळाच्या एका तुकडीने मैदानात उतरून भोसल्यांच्या दोन तोफा हस्तगत केल्या आणि त्या भोसल्यांच्याच फौजेवर फिरवल्या. पुढे धाकट्या टेकडीवर दारूची गाडी भडकून अरबांत गोंधळ उडाला, त्याचा फायदा घेऊन टेकडी परत घेतली गेली. थोडक्यात, एकाच दिवसात दोन्ही पक्षांनी एकमेकांच्या तोफा हाती लागताच लगेच चालवल्या. यावरून गोलंदाजीचे कसब दोहींकडे सारखेच होते असे म्हणायला हरकत नाही. तीनेक आठवड्यांनी, १६ डिसेंबरच्या लढाईनंतर, अरबांनी नागपूर शहर धरून ठेवले. त्या वेळी जनरल डव्हटन याच्याजवळ तट फोडणाऱ्या भारी तोफा नव्हत्या. हाताशी होत्या त्या तोफांनी जुम्मा दरवाजाजवळ पाडलेल्या वाटेने २४ डिसेंबरला केलेला हल्ला फसला, आणि अखेर अरबांना अटी मान्य करून बाहेर जाऊ द्यावे लागले. तटबंदीसमोर हलकी तोफ निरुपयोगी असते, हा या प्रसंगाचा लष्करी अर्थ होता, आणि चांद्याकडे निघताना तो विसरला गेला नाही.

चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, हे गोंड राजांचे राजधानीचे शहर १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे आले होते. पश्चिमेस इरई आणि पूर्वेस झरपट या नद्यांच्या बेचक्यात वसलेल्या या शहराला सभोवार दगडी परकोट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा हे त्याचे चार दरवाजे, आणि पायी माणसाला जाण्याजोग्या लहान वाटांना आजही खिडकी म्हणतात. हनुमान खिडकी, विठोबा खिडकी, चोर खिडकी, बगड खिडकी आणि मसाण खिडकी ही त्यांची नावे शहरात रुळलेली आहेत. गोल बुरुजांनी ठिकठिकाणी आवळलेला हा तट साधारण पंधरा ते वीस फूट उंच होता. बाणांचा, बंदुकांचा आणि हलक्या तोफांचा मारा परतवण्यास तो पुरेसा होता. मात्र मैदानी किल्ल्याच्या तटाचा एक दोष त्यालाही चुकला नाही, तो असा की शत्रूच्या जड तोफा बैलांच्या जोड्या लावून त्याच्या अगदी जवळ आणता येतात.

मार्च १८१८ मध्ये रेसिडेंट जेंकिन्स याने आप्पासाहेबांना कैद केले. दुसरा बाजीराव त्या वेळी पाठलाग चुकवत वऱ्हाडातून चांद्याच्या रोखाने येत होता, आणि चांद्याचा किल्लेदार गंगासिंह त्याला आसरा देईल अशी धास्ती कंपनीला होती. कर्नल स्कॉटच्या तुकडीने चांद्याची वाट अडवली, तर कर्नल ॲडम्सने १७ एप्रिल रोजी पांढरकवड्याच्या परिसरात शिवणी येथे बाजीरावाच्या फौजेची दाणादाण उडवली. त्यानंतर ॲडम्स चांद्याकडे वळला आणि ९ मे रोजी शहराजवळ येऊन उतरला. त्याच्याबरोबर पायी आणि घोडदळी दोन्ही प्रकारचा तोफखाना होता, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अठरा पौंडी तोफा होत्या. सुमारे आठ किलो वजनाचा लोखंडी गोळा फेकणाऱ्या या तोफेची नुसती नळीच दोन टनांच्या घरात जाते. मे महिन्याच्या उन्हात ती वर्धेच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीतून ओढत आणणे हेच अर्धे युद्ध होते. एक महिना उशीर झाला असता आणि मृगाचा पाऊस लागला असता, तर त्याच मातीत चाके आसापर्यंत रुतली असती. तेव्हा ॲडम्सची घाई केवळ राजकीय नव्हती.

वेढ्याच्या कामाची एक ठरलेली रीत होती आणि तिच्यातच तोफखान्याचे मर्म दिसते. प्रथम अभियंते आणि तोफखान्याचे अधिकारी तटाभोवती फिरून कोणता कोपरा अशक्त आहे, कोठे बुरुजांचा आडवा मारा कमी येतो, कोठे जमीन उंच आहे हे पाहत. मग रात्री चर खणून, मातीने भरलेल्या टोपल्या आणि फांद्यांचे भारे रचून तोफांसाठी आडोसा उभारला जाई. मराठीत त्याला मोर्चा म्हणत. तट फोडणारा मोर्चा काही शे यार्डांच्या आतच असावा लागे, कारण तोफेच्या धडकेचा जोर अंतराबरोबर झपाट्याने ओसरतो. गोलंदाज तटाच्या माथ्यावर नेम धरत नसत. तटाच्या खालच्या भागात एका आडव्या रेषेत गोळ्यामागून गोळा हाणून दगड पोखरायचा, मग त्या रेषेच्या दोन्ही टोकांना उभ्या रेषा कापायच्या, आणि आधार सुटलेला तट स्वतःच्याच भाराने पुढे कोसळू द्यायचा, ही पद्धत होती. कोसळलेल्या दगडमातीची उतरण चढून जाण्याजोगी झाली की खिंडार पुरे झाले असे समजत. या कामाला जोमापेक्षा सातत्य लागते. प्रत्येक तोफेने तासागणिक ठरावीक गोळे टाकायचे, मधे नळी पुसून थंड करायची, दारूचे माप तसूभर बदलायचे नाही, आणि समोरून जंबुरे म्हणजे लहान तोफा आणि जेजाला चालत असताना हे सगळे करायचे, अशी ती शिस्त होती. चांद्यास तटाच्या आग्नेय कोपऱ्याकडे असे खिंडार पाडले गेले आणि २० मे १८१८ रोजी सकाळी स्कॉटच्या नेतृत्वाखाली सुलतानढवा झाला, म्हणजे सर्व बाजूंनी एकदम हल्ला चढवला गेला. गंगासिंह लढता लढता पडला. शहर लुटले गेले. वेढा चालू असतानाच, मेच्या मध्यास, आप्पासाहेब जबलपूरच्या वाटेवरून पहारेकऱ्यांच्या हातून निसटले होते. पण त्यांना आसरा देऊ शकणारे चांदा आता उरले नव्हते.

याच दिवसांत कोकणात मुंबई इलाख्याची फौज रायगडाखाली होती, आणि तेथील अडचण चांद्याच्या नेमकी उलट होती. डोंगरी किल्ल्याच्या तटासमोर अठरा पौंडी तोफ उभी करायला जागाच नसते. म्हणून कर्नल प्रॉथरने उखळी तोफांचा आधार घेतला. आखूड आणि रुंद तोंडाची ही तोफ गोळा सरळ न मारता उंच उडवते. गोळा पोकळ असून आत दारू आणि जळती वात असते, त्यामुळे तो तटावरून पलीकडे पडून फुटतो. रायगडावरील वाड्याला अशा गोळ्यांनी आग लागली आणि १० मे १८१८ रोजी गड खाली झाला. त्याआधी मार्चच्या आरंभी सिंहगडही असाच, हजारांवर उखळी गोळे खर्चून, घेतला गेला होता. सह्याद्रीचे गड एकामागून एक पडले ते त्यांचे कडे चढून नव्हे. कड्यांना वळसा घालून वरून पडणाऱ्या गोळ्याला त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. पुढच्या वर्षी, मार्च-एप्रिल १८१९ मध्ये, आप्पासाहेबांना आसरा दिल्याच्या संशयावरून असीरगडला वेढा पडला, तेव्हा निरनिराळ्या इलाख्यांच्या तोफा एका ठिकाणी जमवण्यात आल्या आणि मराठा सत्तेचा अखेरचा महत्त्वाचा किल्ला गेला. त्या वेढ्यात इंग्रजांचाच दारूसाठा उडून त्यांचे अनेक शिपाई ठार झाले. तोफखान्याच्या इतिहासात शत्रूइतकीच स्वतःच्या दारूची भीती असते.

चांद्यापासून नैर्ऋत्येस वर्धा नदी ओलांडली की राजुरा आणि गडचांदूरच्या पुढे माणिकगडाचा पहाड लागतो. आजचा जिवती तालुका याच पहाडावर आहे आणि आसपासच्या गावांत त्याला नुसते पहाड एवढेच म्हणतात. साग आणि बांबूचे रान, मधेमधे सपाट माथे, आणि गोंड व कोलाम यांची वस्ती, असा हा मुलूख आहे. पहाडावरचा माणिकगड किल्ला माना नागवंशी राजांचा म्हणून ओळखला जातो आणि त्याच्या दरवाज्यावर नागाची आकृती कोरलेली आहे. चांद्याच्या तटाचे सामर्थ्य दगडात होते, तर माणिकगडाचे चढणीत आणि रानात. आणि चाकांवरच्या तोफेला दगडापेक्षा चढण जड जाते. प्रशासकीयदृष्ट्याही हा भाग चांद्याहून वेगळा राहिला. राजुऱ्यासह हा सारा टापू हैदराबाद संस्थानात आदिलाबादकडे होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात आला. एकोणिसाव्या शतकात येथील लष्करी सत्ता निजामाच्या नावाने पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाती असलेल्या हैदराबाद कॉन्टिन्जंटची होती. हिंगोली, जालना, औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाई आणि एलिचपूर म्हणजे अचलपूर ही तिची छावण्यांची गावे आजच्या मराठवाड्यात आणि वऱ्हाडात येतात. या फौजेला स्वतःच्या चार बॅटऱ्या होत्या, तिच्या खर्चापोटीच १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीकडे गेला, आणि १८५८ मध्ये सर ह्यू रोझच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत तिने भाग घेतला. १९०३ मध्ये कॉन्टिन्जंट हिंदी लष्करात विलीन झाली तेव्हा तिचा तोफखाना मोडण्यात आला.

जंगलाने तोफेला कसे निरर्थक केले याचा दाखला चांदा जिल्ह्यातच १८५८ मध्ये मिळाला. मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी त्या वर्षीच्या मार्चमध्ये राजगड परगण्यात उठाव केला, इंग्रज तुकड्यांशी नांदगाव-घोसरीकडे सामना दिला, आणि एप्रिलच्या अखेरीस चिंचगुंडीजवळ तारखात्याचे दोन इंग्रज कर्मचारी मारले गेले. नागपूरजवळ कामठीला १८२१ पासून मोठी छावणी होती आणि तेथे तोफाही होत्या. परंतु डेप्युटी कमिशनर क्रिक्टनला प्राणहितेकाठच्या रानात तोफ कोणावर रोखायची हाच प्रश्न होता. तेथे ना तट होता ना मोर्चा. बाबूराव अखेर सापडले ते अहेरीच्या जमीनदारीवर आणलेल्या दबावामुळे, आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. तोफखान्याच्या इतिहासात या उठावाला एका ओळीचीही जागा मिळणार नाही, आणि तेच लक्षात घेण्याजोगे आहे.

दरम्यान मुंबईच्या तोफखान्यात एक मोठा बदल झालेला होता. वाढत्या मुलखासाठी युरोपीय गोलंदाज पुरेनात, म्हणून हिंदी गोलंदाजांची स्वतंत्र बटालियन उभारण्यात आली, आणि तिची आठवी कंपनी २८ सप्टेंबर १८२७ रोजी अस्तित्वात आली. गोलंदाज हा मराठी दप्तरांतला जुना शब्द कंपनीने जसाच्या तसा उचलून इंग्रजी कागदांत रूढ केला. दुसरीकडे १८११ मध्ये मुंबईच्या घोडदळी तोफखान्याचा पहिला ट्रूप उभा राहिला होता. या प्रकारात गोलंदाज पायी किंवा गाडीवर न जाता घोड्यांवर स्वार असत, त्यामुळे तोफ घोडदळाच्या बरोबरीने दौडत जाऊ शके. या ट्रूपने १८४३ मध्ये सिंधमधील हैदराबादच्या लढाईत केलेल्या कामगिरीसाठी त्याला गरुडाचे चिन्ह मिळाले, आणि रॉयल हॉर्स आर्टिलरीची एन बॅटरी आजही ईगल ट्रूप हे नाव लावते. इंग्लंडातल्या एका बॅटरीच्या मानचिन्हामागे मुंबई इलाख्याची जन्मनोंद आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला थोडी विचित्र वाटेल. परंतु रेजिमेंटच्या वंशावळी अशाच असतात.

१८५७ च्या उठावात बंगालचे गोलंदाज मोठ्या संख्येने उठले आणि दिल्लीच्या तटावरून त्यांनी इंग्रजांवर जो अचूक मारा केला तो इंग्रजांनीच शिकवलेला होता. संचालकांची जुनी भीती खरी ठरली. १८५९ च्या पील आयोगाने तोफखाना शक्यतो युरोपीयांच्याच हाती असावा अशी शिफारस केली. १८६१-६२ मध्ये तिन्ही इलाख्यांचे युरोपीय तोफखाने रॉयल आर्टिलरीत मिसळले गेले आणि हिंदी तोफखाने मोडीत निघाले. अपवाद राहिला तो थोडक्या पहाडी बॅटऱ्यांचा. मुंबईच्या गोलंदाज बटालियनमधील दोन कंपन्या अशा वाचल्या आणि कालांतराने त्या खेचरांवरच्या पहाडी बॅटऱ्या झाल्या. त्या वाचल्या याचे कारण विश्वास हे नव्हते. त्यांच्या तोफा इतक्या लहान होत्या की त्यांनी कोणताही मोठा किल्ला फुटला नसता, आणि सरहद्दीच्या डोंगरांत त्यांच्यावाचून भागतही नव्हते.

पहाडी तोफ हे एक वेगळेच यंत्र आहे. १८७९ मध्ये सेवेत आलेली अडीच इंची तोफ पाहिली तर तिची नळी दोन तुकड्यांची असे. मागचा तुकडा एका खेचरावर, पुढचा दुसऱ्यावर, तोफेचा गाडा, चाके आणि आस आणखी तिघांवर, असा एकेका तोफेचा भार पाच खेचरे वाहत, आणि एकेका खेचरावरचे ओझे नव्वद किलोंच्या आसपास येई. जागेवर पोचताच खेचरे एका ओळीत उभी राहत, गोलंदाज दोघे-चौघे मिळून तुकडे खाली घेत, नळीचे दोन भाग सांध्याच्या आट्यांवर एकमेकांत आवळत, आणि काही मिनिटांतच पहिला गोळा सुटे. या पेचाच्या सांध्यामुळेच शिपाई तिला स्क्रू गन म्हणत. तिची दारू काळी असल्याने प्रत्येक बाराबरोबर धुराचा ढग उठे आणि तोफेची जागा शत्रूला कळे. पण बैलगाडी जेथे पोचत नाही तेथे ती पोचे. अशा तुकड्यांत भरती करताना उंच, मजबूत हाडाची माणसे निवडली जात, कारण दर मुक्कामाला दोन वेळा लोखंड उचलायचे असे. आणि इथेच मुंबई बॅटरीचे नाव आणि माणसे यांची फारकत झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी लढवय्या जातींचा सिद्धान्त उचलला आणि पहाडी तोफखान्यात प्रामुख्याने शीख व पंजाबी मुसलमान घेतले जाऊ लागले. मुंबई हे नाव फलकावर राहिले, मुंबई इलाख्याची माणसे मात्र तेथे राहिली नाहीत.

मुंबईच्या या दोन बॅटऱ्यांचे क्रमांक वेळोवेळी बदलले. एकीला पाच, पुढे पंचवीस, मग एकशे पाच आणि पुन्हा पाच असा प्रवास करावा लागला. १० जून १८९७ रोजी वायव्य सरहद्दीवरील तोची खोऱ्यात मैझर गावी सहाव्या मुंबई पहाडी बॅटरीच्या दोन तोफा असलेल्या तुकडीवर गावकऱ्यांनी अचानक हल्ला केला. बॅटरीचे इंग्रज अधिकारी पडले, तरी हिंदी गोलंदाजांनी माघार घेताना दोन्ही तोफा खेचरांवर लादून परत आणल्या. हीच बॅटरी नंतर सव्विसावी, जेकबची पहाडी बॅटरी म्हणून ओळखली गेली. २५ एप्रिल १९१५ रोजी गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडची फौज उतरली तेव्हा तिच्या मदतीला सकाळीच किनारा चढलेल्या तोफा याच बॅटरीच्या होत्या. कोहाट बॅटरी आणि ही, अशा दोघींच्या दहा पौंडी तोफा पुढे कित्येक महिने त्या कड्यांवर राहिल्या.

मैझरला गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत यामागे रेजिमेंटची एक जुनी परंपरा आहे. पायदळाच्या पलटणीला निशाण असते, तोफखान्याला नसते. त्याची तोफ हेच त्याचे निशाण. पलटणीने निशाण गमावणे जितके लाजिरवाणे, तितकेच बॅटरीने तोफ गमावणे. संचलनात तोफा नेल्या जातात तेव्हा त्यांना निशाणाचा मान मिळतो. लढायांची नावे निशाणावर लिहिण्याचा सन्मानही रॉयल आर्टिलरीने स्वीकारला नाही, कारण इंग्रजांच्या जवळजवळ प्रत्येक लढाईत तिची कोणती ना कोणती बॅटरी हजर होती. त्याऐवजी तिला चौथ्या विल्यम राजाने १८३२ च्या सुमारास सर्वत्र या अर्थाचे लॅटिन ब्रीद दिले. भारतीय तोफखान्याचे ब्रीद सर्वत्र इज्जत-ओ-इक्बाल हे त्याचाच पुढचा अवतार आहे. त्यातला पहिला शब्द संस्कृत, बाकीचे अरबी-फारसी आणि कल्पना इंग्रजी. संत बार्बरा ही दारूकाम करणाऱ्यांची ख्रिस्ती पाठीराखी मानली जाते आणि तिचा ४ डिसेंबरचा दिवस ब्रिटिश गोलंदाज पाळतात. भारतीय गोलंदाजांनी मात्र आपला दिवस वेगळा निवडला, आणि तो म्हणजे २८ सप्टेंबर, मुंबईच्या आठव्या गोलंदाज कंपनीचा उभारणीदिन.

हिंदी माणसाच्या हाती मैदानी तोफ परत येण्यास ७० हून अधिक वर्षे लागली. १५ जानेवारी १९३५ रोजी बंगळुरू येथे पहिली हिंदी मैदानी तोफखान्याची ब्रिगेड उभी राहिली आणि दुसऱ्या महायुद्धाने बाकीची भिंत पाडली. रणगाडाविरोधी तोफांची तातडीची गरज पडली तेव्हा मराठा पायदळाच्या काही बटालियनी तोफखान्यात रूपांतरित झाल्या, आणि सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडचा शिपाई अधिकृतपणे पुन्हा गोलंदाज झाला. फाळणीत तोफखान्याच्या रेजिमेंटांची वाटणी झाली आणि सुमारे दोनतृतीयांश भारताकडे आल्या. पाचवी मुंबई पहाडी बॅटरी त्यांतलीच एक. तोफखान्याची शाळा नाशिकजवळ देवळालीस आली आणि आजही देशभरचे अधिकारी व जवान तेथेच तोफ शिकतात. १९६० च्या दशकात चांदा जिल्ह्यात भद्रावतीस दारूगोळ्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याने जिल्ह्याचे नवे नाव न घेता चांदा हेच नाव ठेवले आणि तेथे १५५ मिलिमीटर तोफेचे गोळे भरले जातात.